दचकणं, घाबरणं, धास्ती: तिन्हीला ‘भीती’च?

मेंदूवरचा एक लेख शाळकरी मुलांसाठी मराठीत आणते आहे. ‘स्टार्टल’, ‘फिअर’, ‘अँग्झायटी’ या तिन्ही ठिकाणी माझ्याकडून ‘भीती’च पडलं आणि संपादकांनी लाल रेघ मारली. शिवाय मेंदूतल्या अमिग्डला या भागाला ‘भयकेंद्र’ म्हणावं का?

*

पहिल्याला बिनधास्त ‘दचकणं’ लिहा. काल जिन्यात होतो, वाऱ्याने वरचं दार धाडकन आपटलं. मान खांद्यांत गेली, डोळे मिटले, दुधाची पिशवी हातातून निसटली, आणि मग कळलं की दार आपटलंय. ही प्रतिक्षिप्त क्रिया मेंदूच्या देठातच उरकते, अमिग्डलाला विचारायला कोणी थांबत नाही. आधीच घाबरलेला माणूस मात्र जास्त जोरात दचकतो. तो वरचा जोर अमिग्डलाचा. ‘मी दचकलो, घाबरलो नाही’ हे आपलं वाक्य शास्त्रालाही चालतं.

अंगावर आलेल्या कुत्र्याला आपण घाबरतो. धास्ती असते ती गल्लीत शिरायच्या आधीच. अँग्झायटीला पुस्तकात ‘चिंता’ लिहितात, मला ते मिळमिळीत वाटतं. चिंता मुलाच्या फीचीही असते, तिने तोंडचं पाणी पळत नाही. (पळतं ते खरोखरच. भीतीने लाळ आटते.)

*

‘भयकेंद्र’ नको. एस. एम. या आद्याक्षरांनी ओळखल्या जाणाऱ्या अमेरिकन बाईंचे मेंदूच्या दोन्ही बाजूंचे अमिग्डला आजाराने निकामी झाले होते. त्या साप हातात घेत, भीती नाही. पण कार्बन डायऑक्साइड मिसळलेली हवा हुंगायला दिल्यावर त्यांची गाळण उडाली. या प्रयोगाचा शोधनिबंध 2013चा. म्हणजे भीती तिथेच राहते असं नाही. ग्रीकमध्ये अमिग्डला म्हणजे बदाम. आकारावरून ठेवलेलं साधं नाव, तेच राहू द्या.

*

पुढे लेखात ‘एक्स्टिंक्शन’ आहे. ‘विलोपन’ चालेल?

*

चालेल, पण अर्थ चुकेल. लोप पावतच नाही ना काही! घंटा वाजली की शॉक, असं शिकलेल्या उंदराला नुसतीच घंटा पुन्हा पुन्हा ऐकवली की तो थिजायचा थांबतो. काही दिवसांनी किंवा दुसऱ्या पिंजऱ्यात तीच घंटा वाजवा, पुन्हा थिजतो. जुनं शिकणं पुसलेलं नसतं. कपाळामागचा मेंदूचा भाग त्यावर नवं शिकणं ठेवून अमिग्डलाला दाबून धरतो. आपल्याकडे यासाठी तयार शब्द आहे: भीड चेपणे. चेपणे म्हणजे दाबणेच. विहिरीत भोपळा बांधून शिकलेलं पोर नदीवर गेलं की काठाशी घुटमळतं, ते याचमुळे.

*

भीड म्हणजे संकोच, भीती नव्हे. पाहुण्यांची भीड पडते, वाघाची नाही.

*

मान्य. मग भीड सोडा, क्रियापद ठेवा: ‘भीती चेपणे’.

*

लिहून टाकलं. ‘दचकणं’ला नाम मात्र मिळेना. ‘दचकणुक’ लिहायचं धाडस होत नाही.

*

‘दचका’ आहे की. दचका बसला.