सॉ मिलमध्ये मेंटेनन्सची उमेदवारी: मेकॅनिकल घ्यावं की इलेक्ट्रिकल?

नवा_कानस: सॉ मिलच्या मेंटेनन्समध्ये शिकाऊ म्हणून लागायचंय. मेकॅनिकल किंवा इलेक्ट्रिकल, एकच निवडता येईल. फिटिंगचं बेसिक येतं. कुठलं घेऊ? आणि रुजू व्हायच्या आधी मिलवाल्यांना काय विचारू?

पाना१७: मेकॅनिकल. मोटर जळाली की सगळे वायरिंगकडे धावतात, आणि दोष निघतो जाम झालेल्या बेअरिंगमध्ये.

विचारायचं एकच: पाती घासायच्या खोलीत किती आठवडे ठेवणार? बऱ्याच ठिकाणी ती खोली वेगळी असते आणि मेंटेनन्सच्या पोराला तिथे कोणी फिरकू देत नाही. मग बँड सॉचं (दोन चाकांवर पट्ट्यासारखं फिरणारं) पातं वाकडं चिरायला लागलं की दोष पात्यात आहे की मशीनमध्ये, हे त्याला कधीच कळत नाही.

उदाहरण घ्या. दातांमधल्या खाचेच्या तळाशी केसाएवढा तडा दिसला. घासताना खाच जळून निळी पडली असेल, ताण जास्त असेल, दात बोथट असतील, किंवा चाकावर डिंक-भुशाचा थर चढून पातं तिथे उचललं जात असेल. तडा नुसता वेल्ड करून पातं परत चढवलं तर पुढच्या खाचेत नवा तडा येतो. आधी चाकाची खरवडपट्टी (चाकावरचा थर खरवडणारी पट्टी) बघा. ती झिजली असेल तर थर साचणारच.

ग्रीसगन: पाना१७शी सहमत. पहिले काही महिने पट्टे आणि ग्रीसच हातात येईल, म्हणून तेवढं पक्कं करून जा.

व्ही-बेल्ट: दोन पुलींमधलं अंतर १ मीटर असेल तर मधोमध दाबल्यावर साधारण १६ मिमी दबला पाहिजे. किती जोराने दाबायचं ते पट्ट्याच्या तक्त्यात असतं, अंगठ्याचा अंदाज नको. नवा पट्टा २४ ते ४८ तास चालला की सैलावतो, परत ताणा. एकाच पुलीवरच्या चारातला एक तुटला तरी चारही बदला, नाहीतर नवा एकटाच सगळा भार ओढतो.

ग्रीस: बाहेरचा व्यास (मिमी) × रुंदी (मिमी) × ०.००५ = ग्रॅम. ६३१० बेअरिंगला ११० × २७ × ०.००५, म्हणजे जवळपास १५ ग्रॅम. आपल्या गनचा एक दाब किती ग्रॅमचा ते काट्यावर एकदा मोजून ठेवा. सील फुटेपर्यंत भरलेलं बेअरिंग तापतं आणि फुटलेल्या सीलमधून भुसा आत जातो.

फेज_न्यूट्रल: इलेक्ट्रिकलला एवढं हलक्यात घेऊ नका. कन्व्हेयर मध्येच थांबला की मेकॅनिकलवाले साखळी उघडून बसतात, आणि खरा दोषी असतो फोटो सेन्सर (प्रकाशाने माल ओळखणारा), काचेवर भुसा बसलेला. सेन्सर बदलण्याआधी काच कोरड्या मऊ फडक्याने पुसा आणि समोर हात धरून इंडिकेटर बदलतो का ते बघा. मेकॅनिकल घेतलंत तरी कंट्रोल सर्किटचं ड्रॉइंग वाचता आलंच पाहिजे.

नवा_कानस: मेकॅनिकल घेतो. दुरुस्ती चालू असताना कोणी मशीन सुरू करू नये म्हणून कुलूप लावायची पद्धत तिथे शिकवतात ना?

पाना१७: शिकवतात, पण कुलूप स्वतःचं आणि किल्ली स्वतःच्या खिशात, हे कोणी सांगेपर्यंत थांबू नका. आयसोलेटर (मशीनची वीज तोडणारा मुख्य स्विच) बंद, त्याला कुलूप, मग स्टार्ट दाबून खात्री. तेवढ्यावरही हात घालू नका: मोठ्या बँड सॉची चाकं वीज गेल्यावरही बराच वेळ फिरतात, हायड्रॉलिक अ‍ॅक्युम्युलेटरमध्ये (दाबाखालचं तेल साठवणाऱ्या टाकीत) दाब उरतो, आणि वर उचलून धरलेला ओंडका दाब सोडताच खाली येतो. आधी त्याला खाली टेकू द्या. हायड्रॉलिक नळीची बारीक गळती बोटाने चाचपू नका, पुठ्ठा फिरवा. ती धार कातडीतून आत शिरते.

ग्रीसगन: फिरत्या शाफ्टजवळ हातमोजे नकोत, पातं उचलताना मात्र हवेतच. पोरं नेमकं उलटं करतात. आणि वेल्डिंगच्या आधी खालचा भुसा झाडून जागा ओली करा, काम संपल्यावर तासभर तिथे कोणीतरी पाण्यासकट थांबलं पाहिजे. भुशात ठिणगी आतल्या आत धुमसत राहते.