नगरधनचा उभा किल्ला वाकाटकांचा नाही

चुनखडी: काल परत तीच पोस्ट फिरत आली. रामटेकजवळच्या नगरधनच्या किल्ल्याच्या दरवाज्याचा फोटो अन् खाली ‘वाकाटकांचा १६०० वर्षे जुना किल्ला’. अहो, कमान तरी पाहा! वाकाटक दगड कसा रचत होते ते पाहायला फार दूर जावं लागत नाही. रामटेकवर त्यांच्याच काळातलं ‘केवल नरसिंह’ नावाचं देऊळ उभं आहे. खांब, वर तुळया, कमानीचं नावही नाही. आज दिसतो तो दरवाजा, ते बुरूज भोसलेकालीन, म्हणजे नागपूरकर भोसल्यांच्या काळातले आहेत. भोसल्यांचं काम दुसऱ्याच्या नावावर चढवू नका.

रामटेकवाला: २०१५ ते २०१८ च्या उत्खननात नगरधनला वाकाटक राणी प्रभावतीगुप्ताच्या नावाची मुद्रा, म्हणजे शिक्का निघाला, ती विसरले का? तिचा पुण्याचा ताम्रपट नंदिवर्धनाहूनच, म्हणजे वाकाटकांच्या राजधानीतूनच दिलेला आहे. राणीच्या राजधानीला तट नव्हता म्हणता?

चुनखडी: मुद्रा मातीच्या थरात निघाली, तटाच्या चिऱ्यात नाही. नंदिवर्धन इथं होतं हे मी कधी नाकारलं? जमिनीचं वय भिंतीला लावू नका, एवढंच म्हणणं आहे.

कुहीकर: तट बांधणं भोसल्यांपासून सुरू झालं असंही नाही जी. आमच्या कुहीकडच्या अडम गावाला मातीचा तट अन् भोवती खंदक आहे, वाकाटकांच्या कितीतरी आधीचा. अस्सक जनपद या प्राचीन राज्याची मुद्रा तिथलीच. पण नगरधनसाठी भांडायला सगळे येतात, गावोगावच्या गढ्यांचं, म्हणजे मातीच्या उंचवट्यावरच्या जुन्या वाड्यांचं काय? माझ्या मामाच्या गावची मालगुजाराची, म्हणजे सारा वसूल करणाऱ्या गावमालकाची गढी लोकांनी ट्रॅक्टर लावून नेली. आता तिथं पोरं क्रिकेट खेळतात.

वावरातला: गढीची पांढरी माती वावरात टाकली तर पाप केलं का? आमच्या आज्यानं टाकली, घराच्या धाब्यावरही तीच पसरली. १९५१ साली मालगुजारी गेली, वाडा ओस पडला, तेव्हा काऊन नाही आले तुम्ही? नागपुरात पंख्याखाली बसून शेतकऱ्याले शिकवू नका.

कुहीकर: आवाज चढवू नका. माझीही शेती आहे.

चुनखडी: भाऊ, ती पांढरी म्हणजे शेकडो वर्षं राहत्या गावाची राख, शेण, खापरं, हाडं. म्हणून तर पीक जोमात येतं. वरचा वाडा दोन-अडीचशे वर्षांचा असला तरी खालच्या थरात सातवाहनांची खापरं असू शकतात. कोणतं खापर कोणत्या थरात होतं, यावरूनच काळ ठरतो. जेसीबीनं एकदा ढवळलं की तो पुरावा कोणालाच परत लावता येत नाही.

रामटेकवाला: मग नगरधनलाही हेच लागू करा! दरवाजा भोसल्यांचा, चला, मानलं. पण तटाच्या पायाखाली काय आहे ते खणून पाहिल्याशिवाय ‘सगळा भोसलेकालीन’ हे तुम्हीही लिहू नका.

चुनखडी: पायाबद्दल मी लिहिलंच नव्हतं. तरी ठीक, ‘उभा तट’ म्हणू.

वावरातला: तुमचा तट ठरला. आता शेणखताची ट्रॉली काय भावानं पडते ते विचारा, मग या गढीवर बोलायले.