जपानी राष्ट्रवाद: उत्तरात नेमकं काय लिहावं?

नांदेड_वाचक: मुख्य परीक्षेची तयारी करायलो. 'जपानची राष्ट्रीय अस्मिता कशी घडली?' यावर २५० शब्दांत लिहायचंय. नोट्समध्ये "जपानी मुळातच एकजिनसी आणि देशभक्त" एवढंच आहे. सगळे तेच लिहायलेत. चालेल का?

लातूर_इतिहास: ते वाक्य आधी खोडा. १८६८ पूर्वी सामान्य माणसाचा 'देश' म्हणजे त्याचा प्रांत, आणि सामुराईची निष्ठा आपल्या सरदाराशी. १८६८ मध्ये सम्राटाच्या नावानं सत्तेवर आलेल्या मेइजी सरकारनं १८७१ मध्ये सरदारांच्या जहागिऱ्या मोडल्या, १८७२ मध्ये शाळा आणल्या, १८७३ मध्ये सक्तीची लष्करभरती. त्यावर कळस म्हणजे १८९० ची शिक्षणविषयक राजाज्ञा. समारंभात मुख्याध्यापक ती वाचत आणि मुलं मान झुकवून ऐकत. देशभक्ती अशी शिकवली गेली, हा क्रम दाखवा.

हमखास होणारी चूक: शिंतो हा जपानचा पारंपरिक धर्म प्राचीन, म्हणून राज्यपुरस्कृत शिंतोही प्राचीन समजणं. युद्धात मेलेल्यांसाठीच्या, टोकियोतल्या यासुकुनी मंदिराची स्थापनाच १८६९ ची आहे.

उदगीरकर: सरांच्या मुद्द्याला जोडून सांगतो, दक्षिणेकडची ओकिनावा बेटं सोडू नका. १८७९ मध्ये तिथलं र्‍युक्यू राज्य जपाननं खालसा केलं. पुढे तिथल्या शाळांत घरची भाषा बोलणाऱ्या मुलाच्या गळ्यात लाकडी पाटी अडकवत. दुसरा कुणी तसं बोलताना सापडला की पाटी त्याच्या गळ्यात जाई, म्हणजे पोरंच एकमेकांवर पहारा ठेवत. आपल्याकडे निजामानं उर्दू माध्यम लादलं, पण 'तुम्ही मुळात आमचेच' असं मराठी, तेलुगू, कन्नड प्रजेला सांगितलं नाही. जपाननं ओकिनावात नेमकं तेच सांगितलं. हा फरक फार महत्त्वाचा आहे. उत्तरेच्या ऐनू जमातीला तर 'मूलनिवासी' हा शब्द कायद्यात २०१९ साली मिळाला. एकजिनसीपणाचा दावा इथंच ढासळतो.

नांदेड_वाचक: आणि ध्वज-राष्ट्रगीताचा वाद?

लातूर_इतिहास: 'किमिगायो' या राष्ट्रगीताचे शब्द दहाव्या शतकातल्या कवितासंग्रहातले, आजची चाल मात्र १८८० ची. ध्वज आणि गीत या दोन्हींना कायद्याची मान्यता १९९९ मध्ये, तोवर नुसता प्रघात. त्या कायद्यात गीताच्या वेळी उभं राहण्याची सक्ती नाही. ती २००३ मध्ये टोकियोच्या शिक्षण मंडळानं शिक्षकांवर घातली आणि न उठणाऱ्यांना शिक्षा केल्या. सर्वोच्च न्यायालयानं २०११ मध्ये तो आदेश घटनेला धरून ठरवला. पुढच्या वर्षी मात्र पगारकपात, निलंबन अशा जड शिक्षा देताना जपून राहा, असं बजावलं.

जपानी राज्यघटनेचं कलम ९ एका ओळीत उरका: ३ मे १९४७ पासून लागू, युद्धाचा त्याग. वाचलेले शब्द ओकिनावाला द्या.