वाघ सोडून बाकीचे सांगा: कोणी थांबून न पाहिलेल्या जिवांचे अनुभव

धुऱ्यावरची

आमचं गाव पांढरकवड्याकडे, टिपेश्वरच्या जंगलाला लागून. कोणी पाहुणा आला की पहिला प्रश्न ठरलेला, वाघ दिसतो का तुमच्याकडे. दिसतो कधीकधी. पण मला तुम्हा सगळ्यांना दुसरंच विचारायचंय. ज्याच्यासाठी कोणी जिप्सी बुक करत नाही असा एखादा किडा, सरडा, अळी, काहीही, तुम्ही कधी थांबून पाहिलाय का? असेल तर सविस्तर लिहा, घाई नाही.

माझ्यापासून सुरू करते. मृगाचा किडा. पहिला पाऊस पडून उघडला की आम्ही पोट्टे धुऱ्यावर पळायचो, ओल्या काळ्या मातीवर लाल मखमलीचे ठिपके चालताना दिसायचे. काडीपेटीत घरचाच कापूस घालून त्यात ठेवायचो, बोट लावलं की पाय आत घेऊन गप्प पडून राहायचा, आणि आजी ओरडायची, पेरणीचा पाहुणा आहे तो, सोड त्याला. किडा म्हणतो आपण पण पाय मोजा, आठ भरतात, म्हणजे तो कोळ्याच्या नि गोचिडाच्या नात्यातला, हे मला कॉलेजात गेल्यावर कळलं. पिल्लं नाकतोड्यासारख्या किड्यांच्या अंगाला चिकटून त्यांच्यावर वाढतात, मोठे झाले की जमिनीत राहून दुसऱ्या किड्यांची अंडी वगैरे खातात, आणि वर दिसतात ते पहिल्या पावसानंतरचे थोडेच दिवस. तो लाल रंगही लपायला नाही, पक्ष्याला सांगायला आहे की मी खायचा नाही, चव वाईट आहे. हे कळल्यावर काडीपेटीत कोंडलेल्या सगळ्यांचं मला फार वाईट वाटलं, वर्षभर वाट पाहून बाहेर आले होते बिचारे.

गोठ्यामागे

आमच्या गोठ्याच्या वळचणीखाली पाऊस पोचत नाही, तिथल्या भुसभुशीत मातीत गाळणीसारखे खड्डे असतात. बुडाशी एक किडा, इंग्रजीत अँटलायन म्हणतात तो, दबा धरून बसतो, मुंगी घसरली की खालून माती उडवतो. त्याला बाहेर काढून सपाट मातीवर सोडा, तो उलटाच चालतो, मागे मागे. पंख फुटले की चतुरासारखा दिसतो, फक्त मिशा लांब असतात. खड्ड्यातला आणि पंखवाला एकच, हे मी चाळिशीत शिकलो.

येनसावली

ताई, चांगला विषय काढला. मी लग्न होऊन आरमोरीकडे आले, सासर कोसावाल्यांचं. कोसा म्हणजे टसर, जंगलातलं रेशीम, गडचिरोली-भंडाऱ्याकडे ढिवर लोकांचा हा जुना धंदा. माहेरी मी अळी दिसली की किंचाळायची, इथे आल्यावर पहिल्याच पावसाळ्यात मामाजींनी ऐनाच्या झाडाखाली उभं केलं, आमच्याकडे येन म्हणतात त्याला, आणि म्हणाले बघ वरती. काही दिसेना. मग एक पान हललं, ते पान नव्हतं, माझ्या बोटापेक्षा जाड हिरवीगार अळी होती, अंगावर चांदीसारखे चमकणारे ठिपके. मी किंचाळले नाही, का ते सांगता येत नाही, ती इतकी शांतपणे खात होती की आवाज काढावासा वाटला नाही.

तुतीच्या रेशमासारखं हे घरात टोपलीत होत नाही. अळ्या जंगलातल्या झाडावर मोकळ्या असतात, तुम्ही खाली दिवसभर राखण करायची, पाखरं हाकलायची, मुंग्यांवर लक्ष ठेवायचं, एका झाडाचा पाला संपला की फांदीसकट दुसऱ्यावर न्यायच्या. चार वेळा कात टाकते. कात टाकायच्या आधी खाणं सोडून अशी मान वर करून बसते की नव्या माणसाला वाटतं मेली, त्या वेळी हात लावायचा नाही, हे मामाजींनी मला दहादा सांगितलं असेल. मग कोसा बांधते, आणि बांधताना आधी एक देठ करते, त्या देठाचं कडं फांदीभोवती घट्ट वळवते म्हणजे वाऱ्याने पडू नये. ते कडं मी नखाने सोडवून पाहिलं, सुटत नाही, कापावंच लागतं.

धागा काढायचा तर कोसा उकळावा लागतो, आतला जीव जातो, त्याबद्दल मी काही गोड बोलणार नाही. पण बियाण्यासाठी ठेवलेल्या कोशातून संध्याकाळी फुलपाखरू निघतं ना (पतंग म्हणा, आम्ही फुलपाखरूच म्हणतो) तेव्हा घरातले सगळे जेवण टाकून बघतात. आधी ओलं, चुरगळलेलं, मग पंख उलगडत उलगडत तळहाताएवढं होतं, आणि प्रत्येक पंखावर एक गोल काचेसारखी खिडकी, आरपार दिसतं तिच्यातून. त्याला खायला तोंडच नसतं. जे खायचं ते अळी असताना खाऊन झालं, आता फक्त जोडीदार शोधायचा, दीड-दोनशे अंडी घालायची, आठवडाभरात संपलं. माझ्या मुलीने एकदा त्याच्यासमोर साखरपाणी ठेवलं होतं. मामाजी तिला काही बोलले नाहीत, वाटी तशीच राहू दिली.

खारपाणी

मी दर्यापूरकडचा. म्या तीन वर्षाआंधी पऱ्हाटीच्या पानाखालते पांढरे केसं पायले, एकेका केसाच्या टोकावर इवलुसा दाना. मले वाटलं नवीन रोग आला काई, पंप तं भरूनच होता. बाजूच्या वावरातले काकाजी धावत आले, म्हने थांब बापा, क्रायसोपाचे अंडे होत ते, तुयाच कामाचे. मंग म्या रोज जाऊन पायलं. अंडं केसावर टांगते कारन की मुंगीनं खाऊ नये अन् आधी निंघालेल्या भावानं मांगच्याले खाऊ नये, येवढे खादाड असतात थे. अळी निंघाली का माव्याले विळ्यासारख्या जबड्यात धरते अन् रस पिऊन टरफल फेकते. मोठी झाली का हिरवी नाजूक माशी, डोये सोन्यावानी. त्या आंधी म्या किती केसं पुसले असन फवाऱ्यानं, मोजदाद नाही, अन् त्याचं मले आताही लागते. आता पानं उलटून पायल्याशिवाय पंप उचलत नाही.

फळा-खडू

खारपाणी दादा, तुमच्या केसावरून आठवलं. मी जिल्हा परिषद शाळेवर आहे, वर्गाच्या खिडकीच्या चौकटीला कुंभारीण माशीने मातीचं मडकं केलं होतं, खरंच मडकं, बारीक गळा आणि बाहेर वळलेला काठ. झाडताना एक फुटलं. आत चार-पाच हिरव्या अळ्या, मेलेल्या नाही, लुळ्या, हात लावला की थोडं हलायच्या. आणि छताला एका धाग्याने अंडं लटकलेलं. पोरांनी ते अख्खं काचेच्या बरणीत ठेवलं, तोंडाला फडकं बांधलं. कुंभारीण नांगी मारून अळ्या बधिर करते म्हणजे त्या सडत नाहीत, पिल्लू अंड्यातून निघून ताजं ताजं खात वाढतं. काही आठवड्यांनी बरणीत कुंभारीण उडायला लागली, पोरं बाकावर चढली.

कीर्तनात आपण ऐकतो ना, अळी कुंभारणीचा ध्यास घेते आणि कुंभारीणच होते. दृष्टांत सांगणाऱ्यांनी नीटच पाहिलं होतं हो, मडक्यात अळी गेली आणि बाहेर कुंभारीण आली, मधलं तेवढं माती आड राहिलं. मला तेव्हापासून तो दृष्टांत जास्त आवडतो, कारण कुणीतरी शेकडो वर्षांपूर्वी भिंतीपाशी तितका वेळ बसलं होतं.

मेहकरवाला

माझा जीव दिसतच नाही. 2020 च्या जूनमध्ये लोणारचं पाणी गुलाबी झालं तेव्हा आमच्याकडे तऱ्हेतऱ्हेच्या गोष्टी उठल्या. मग पुण्याच्या आघारकर संस्थेने पाणी तपासलं, निघाले खारट पाण्यात राहणारे सूक्ष्मजीव, त्यांच्या अंगातला रंग. पाणी इतकं खारं नि आम्लारी होतं की त्यात मासाही नव्हता, आणि हे तिथे मजेत. मी काठावर उभा होतो, अख्खं तळं त्यांच्या रंगाचं.

रस्त्याकडेची

मी बस स्टॉपवर घोयरा सरडा पाहिला, शॅमेलिऑन. दोन पोरं दगड घेऊन उभी, म्हणे विषारी आहे, फुंकर मारतो. विष नसतंच त्याला. एरवी झाडावरच असतो, अंडी घालायला मादी खाली येते आणि तिची ती डुलत डुलत एकेक पाऊल टाकायची चाल, डांबर ओलांडायला किती वेळ लागत असेल विचार करा. मी काठी पुढे केली, तिने चिमट्यासारख्या पायांनी धरली, एक डोळा माझ्याकडे, दुसरा त्या पोरांकडे, दोन्ही वेगवेगळे फिरत होते. पोरांनी दगड टाकले आणि विचारलं, काकू, आम्ही पकडू का काठी? मग आम्ही तिघांनी मिळून तिला बाभळीच्या पलीकडे, मऊ मातीच्या बांधापाशी सोडलं. बस गेली होती, पुढची दीड तासाने, तेवढा वेळ आम्ही तिथेच बसून ती माती उकरताना पाहत होतो.