आयसीई महाग, पण बाकीच्या गाड्यांचं काय?

'जर्मनीत विद्यार्थ्याला रेल्वे परवडत नाही' असं म्हणतात. आयसीई, म्हणजे तिथल्या लांब पल्ल्याच्या वेगवान गाडीपुरतं ते मान्य. पण बऱ्याच विद्यापीठांत सेमिस्टरच्या वर्गणीतच डॉइचलांडटिकट हा मासिक पास मिळतो. 2024 च्या उन्हाळी सत्रात विद्यार्थ्यांसाठी तो महिना 29 युरो 40 सेंटला सुरू झाला. त्यावर देशभरच्या प्रादेशिक गाड्या, ट्राम, बस सगळं चालतं. वेळ भरपूर जातो, पण आमच्याकडे दुसरं होतंच काय!

आणखी एक सांगतो, हे तिकीट सीमेपलीकडे ऑस्ट्रियातल्या साल्झबुर्ग स्टेशनपर्यंत चालतं. म्युनिकहून साधारण पावणेदोन तास. आम्ही तिघं तिखटमिठाच्या पुऱ्या घेऊन निघालो. येताना फ्राइलासिंगला, म्हणजे सीमेलगतच्या जर्मन स्टेशनवर, कागद तपासायला पोलीस डब्यात चढले. शेंगेनमध्ये, म्हणजे युरोपातल्या आपसात सीमा खुल्या ठेवणाऱ्या देशांत, कोण विचारतंय, म्हणून मी पासपोर्ट आणि रेसिडेन्स परमिटचं कार्ड खोलीवरच ठेवलेलं. शुद्ध गाढवपणा. त्या दोघांचं मिनिटभरात आटोपलं, मला खाली उतरवलं. फोनमध्ये दोन्हींचे फोटो सापडले, म्हणून तासाभरात सुटलो. पुऱ्यांचा डबा तोवर मित्रांबरोबर म्युनिकच्या वाटेला लागला होता.