यादीपेक्षा मोजलेली किंमत बघा

आपली मूल्यं कशी ओळखायची, या धाग्यातल्या प्रश्नावर मूल्यांच्या लांब यादीतून पाच शब्द निवडून ते रोज वाचा, असं वर कुणी सुचवलंय. मीही ते केलं होतं, पण अडकलो. सगळेच शब्द चांगले. 'प्रामाणिकपणा' कोण खोडणार?

मला वाट सापडली ती संततिनियमनाचे प्रचारक र. धों. कर्व्यांबद्दल वाचताना. १९२१ मध्ये त्यांनी मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं, तेव्हा ते विल्सन कॉलेजात गणित शिकवत होते. पुढे हे काम की नोकरी, असा प्रसंग आला आणि नोकरी गेली. 'समाजस्वास्थ्य' मासिक मात्र त्यांनी १९२७ पासून १९५३ पर्यंत, म्हणजे मरेपर्यंत चालवलं. त्यातल्या मजकुरावरून अश्लीलतेचे खटले झाले; १९३४ च्या खटल्यात डॉ. आंबेडकर त्यांचे वकील होते, तरी दंड भरावा लागलाच. आणि या सगळ्याची झळ त्यांच्या पत्नी मालतीबाईंनाही बसली असणार, हे आपण फार क्वचित बोलतो. एकाचं मूल्य जपलं जातं तेव्हा घरातलं दुसरं माणूसही किंमत मोजत असतं.

मग मी वहीत एवढंच लिहिलं: गेल्या पाच वर्षांत मी कशासाठी पैसा, वेळ किंवा संबंध गमावले? आईच्या आजारपणात बदलीसह आलेली बढती नाकारली होती. तेव्हा ती मला माघार वाटली. वहीत तीच पहिली नोंद झाली.

धागाकर्त्या ताई, तुम्ही अलीकडे मनापासून 'नाही' कशाला म्हणालात? यादी बाजूला ठेवून आधी तेवढं लिहून बघाल का?