शाळेतून इन्स्ट्रक्शनल डिझाइनकडे: "मजकूर चांगला, पण डिझाइन नाही" म्हणजे काय?

कृष्णाकाठ
नमस्कार. मी कराडची. रसायनशास्त्रात एम.एस्सी., बी.एड. गेली ११ वर्षं आठवी ते दहावीला विज्ञान शिकवतेय. जूनमध्ये ह्यांची पुण्याला बदली होतेय, म्हणून चार महिन्यांपासून इन्स्ट्रक्शनल डिझायनरच्या (कंपन्यांसाठी प्रशिक्षणाचे कोर्स आखणाऱ्याच्या) जागांसाठी अर्ज करतेय. १७ अर्ज केले, तीन ठिकाणांहून उत्तर आलं, एका ठिकाणी चाचणी झाली. औषध कारखान्यातल्या निर्जंतुक विभागात जाण्याआधी कपडे कसे चढवायचे याची १६ पानी एसओपी (कामाची ठरलेली लेखी पद्धत) पाठवली आणि दोन दिवसांत स्टोरीबोर्ड, म्हणजे कोर्सच्या प्रत्येक स्क्रीनचा आराखडा, मागितला. मी २४ स्लाइड केल्या, एकही मुद्दा सोडला नाही. उत्तर आलं, "मजकूर चांगला, पण डिझाइन नाही." त्या वाक्याने दोन रात्री झोप नाही. स्टोरीलाइन या कोर्स बनवायच्या सॉफ्टवेअरचा क्लास लावावा का? २५ हजार फी सांगतात. की वेगळी पदवीच घ्यावी लागेल? वय ३६ आहे.

मेधा_बाणेर
ताई, मीही आधी शाळेतच होते, या कामात आता ९ वर्षं झाली. क्लास लावू नका, निदान आत्ता तरी. तुमची अडचण सॉफ्टवेअरची नाहीच.

१६ पानं २४ स्लाइडांवर आली, म्हणजे मजकुराने जागा बदलली एवढंच. आता असं बघा. एक नवा मुलगा कपडे चढवतोय. टोपी झाली, अंगरखा उलगडला आणि बाही जमिनीला टेकली. मागे दोघं खोळंबलेत. तो काय करेल? तसाच घालेल, झटकून घालेल, की टाकून नवा घेईल? स्क्रीनवर हा प्रसंग ठेवायचा, त्याला निवडू द्यायचं आणि निवडीचा परिणाम दाखवायचा. एसओपीतला नियम त्यानंतर. एवढ्या दस्तऐवजात माणूस खरोखर चुकतो अशा पाच-सहाच जागा असतात. त्या शोधणं म्हणजे डिझाइन.

आणि हे तुम्हाला येतं! पाठ टाचणात 'उद्दिष्टे आणि स्पष्टीकरणे' लिहायचो ना आपण? 'विद्यार्थी फरक स्पष्ट करतो', 'विद्यार्थी उदाहरण देतो'. त्यामागे ब्लूमची शैक्षणिक उद्दिष्टांची १९५६ ची वर्गवारीच आहे. इथे बहुधा २००१ ची सुधारित वापरतात, पण विचार तोच. 'कर्मचाऱ्याला समजेल' असं लिहिलंत की परत येतं. 'कर्मचारी दूषित अंगरखा ओळखून बाजूला काढतो' असं लिहा.

स्टोरीलाइनची ३० दिवसांची मोफत चाचणी मिळते. पण स्टोरीबोर्ड वर्डमध्ये पुरा झाल्यावरच ती सुरू करा, नाहीतर महिना बटणं शोधण्यातच जातो.

घोडबंदर_रोड
मी मुलाखती घेतो, म्हणून थोडं त्या बाजूचं. मेधाताईंचं पटतं, फक्त टूल फार मागे ढकलू नका. कंत्राटी कामांत स्टोरीलाइन येतं का हे पहिल्या फोनवरच विचारतात.

शोधताना एकाच पदनामावर थांबू नका. लर्निंग डिझायनर, कंटेंट डेव्हलपर, ट्रेनिंग स्पेशालिस्ट अशा नावांनीही हेच काम निघतं. बाहेरच्या ग्राहकांसाठी कोर्स बनवणाऱ्या कंपन्यांत विषय दर महिन्याला बदलतो, मुदती कडक असतात, पण शिकायला तिथेच मिळतं. बँकेच्या किंवा कारखान्याच्या स्वतःच्या प्रशिक्षण विभागात वेग कमी आणि माणसं ओळखीची. पहिली दोन वर्षं मी पहिल्या प्रकारात काढायला सांगेन.

अर्जासोबत स्वतः बनवलेल्या कोर्सचा नमुना हवाच. १७ अर्जांबरोबर तो नसेल, तर तीन उत्तरं आली हेच खूप झालं. मात्र चाचणीसाठी मिळालेली एसओपी नमुन्यात अजिबात वापरू नका, ती त्या कंपनीची आहे. तुमच्या प्रयोगशाळेतला विषय घ्या. नुसता एमपी४ व्हिडिओ नको, स्कॉर्म पॅकेज (ऑनलाइन शिक्षण प्रणालीत चालणारी कोर्सची फाइल) काढा आणि मूडल या मोफत शिक्षण प्रणालीवर चालवून बघा. गुण नोंदले जातात का, मध्येच बंद करून परत उघडलं तर तिथूनच सुरू होतं का. नवखे उमेदवार हे तपासत नाहीत.

सुलभा_जुहू
पदवीबद्दल: मुंबईत एसएनडीटीचा शैक्षणिक तंत्रज्ञानाचा विभाग आहे, आयआयटी मुंबईत याच विषयात पीएच.डी. करता येते. संशोधनाची ओढ असेल तर जरूर बघा. पहिल्या नोकरीसाठी तुमचं बी.एड. आणि ११ वर्षं पुरेशी आहेत.

कृष्णाकाठ
मेधाताई, अंगरख्याची बाही वाचली आणि डोक्यात लख्ख प्रकाश पडला. विषय ठरवला: नव्या प्रयोगशाळा परिचरासाठी आम्ल विरल करणं. पाण्यात आम्ल, आम्लात पाणी कधीच नाही, हे मी दरवर्षी फळ्यावर लिहिते. काल आमच्या परिचर मामांना विचारलं, नवा माणूस चुकतो कुठे? ते म्हणाले, "बाई, नियम पाठ असतो सगळ्यांना. पण बाटली धरताना लेबल खाली ठेवतात. ओघळ लेबलवर येतो, अक्षरं जातात, आणि पुढच्या महिन्यात ती बाटली कशाची तेच कळत नाही." हे माझ्या टाचणात ११ वर्षांत एकदाही आलं नाही. पहिला प्रसंग त्याच बाटलीचा लिहिलाय. बाकीचे चार रविवारपर्यंत लिहिते. इथे टाकले तर वाचाल का?

मेधा_बाणेर
टाका. आणि मामांना आणखी एकदा भेटा, काच फुटल्यावर नवा माणूस काय करतो तेही विचारा.